शब्दचर्चा : पब, गुत्ता आणि ‘फ्री हाउस’

विचारणा

इंग्लंडमधले जुने पब बंद पडताहेत, त्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. ‘पब’ला मद्यालय म्हणावं की गुत्ता? आणि लेखातला ‘लँडलॉर्ड’ भाडं परवडत नाही म्हणून रडतोय. घरमालकच भाड्याने पिचतो, हे कसं? ‘फ्री हाउस’ म्हणजे काय? फुकट तर नक्कीच नसणार!

उत्तर १

‘पब’ तसाच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खर्ची घाला. आपल्या वर्तमानपत्रातला पब म्हणजे कानठळ्या बसवणारा डीजे, दारात बाउन्सर आणि मध्यरात्रीनंतर पोलिसांचा छापा. तिकडचा पब हे ‘पब्लिक हाउस’चं लघुरूप, म्हणजे चार लोकांना येण्याजाण्यास मोकळं असलेलं घर. पूर्वी यात जाती होत्या : एलहाउसात एल (बिअरचाच एक प्रकार), टॅव्हर्नमध्ये वाइन, इनमध्ये मुक्कामाची सोय. गोव्यातलं ‘तावेर्न’ टॅव्हर्नच्याच लॅटिन मुळातून, पोर्तुगीजमार्गे आलं. माझ्या मते पबच्या सगळ्यात जवळचं तेच. मग १८३० च्या बिअरहाउस कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कुठल्याही करदात्याला घरच्या घरी बिअर बनवून विकायची मुभा दिली. लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावं, हा त्यामागचा एक हेतू. गल्लोगल्ली बिअरघरं उघडली.

‘गुत्ता’ अर्थाने वाटतो तितका चुकीचा नाही. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. सरकारात रक्कम भरून दारूविक्रीचा मक्ता घेणारा तो गुत्तेदार, पुढे मक्त्याचं नाव दुकानालाच चिकटलं. पण इंग्लंडात आजीबाई रविवारी दुपारी नातवंडांना घेऊन पबमध्ये रोस्ट खायला जातात. गुत्त्यात नेऊन दाखवा!

‘मद्यालय’ मात्र नको. ते फक्त सरकारी अर्जात शोभतं.

उत्तर २

लँडलॉर्डचं कोडं सोपं आहे. ज्याच्या नावावर लायसन्स आणि जो काउंटरमागे उभा, तो लँडलॉर्ड. इमारत बहुतेक वेळा दुसऱ्याचीच, पूर्वी ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीची. म्हणजे हा स्वतःच भाडेकरू. ‘पबचालक’ लिहा.

‘टाइड हाउस’ म्हणजे बांधलेला पब : भाडं द्यायचंच, वर बिअरही मालकाकडूनच, त्याच्या भावाने घ्यायची. ही अट नसलेला तो ‘फ्री हाउस’. ‘स्वतंत्र पब’ म्हणा, नाहीतर वाचक ग्लास घेऊन रांगेत उभे राहतील.

तुमच्या लेखाचं मर्मही इथेच असावं. १९८९ साली सरकारने बड्या ब्रुअऱ्यांची पकड सैल करायला ‘बिअर ऑर्डर्स’ नावाचे आदेश काढले. दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्यांवर निर्बंध आले. ब्रुअऱ्यांनी हजारो पब विकले आणि ते गेले ‘पबको’ म्हणतात त्या, नुसते पब बाळगणाऱ्या कंपन्यांच्या ताब्यात. त्या बिअर बनवत नव्हत्या, पण बिअर आमच्याकडूनच घ्या ही अट त्यांनी जपली. आगीतून फुफाट्यात! बाजारभावाने भाडं देऊन त्या अटीतून सुटण्याचा हक्क मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना २०१६ च्या ‘पब्स कोड’ या नियमावलीने दिला, तोवर बरेच पब गेले होते.

उत्तर ३

सगळं खापर पबकोंवर नको. इंग्लंडात १ जुलै २००७ पासून पबमध्ये धूम्रपानबंदी, सुपरमार्केटात स्वस्त बिअर, वाढता कर, मग कोविड. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

आणि जागेचा भाव विसरू नका. लंडनच्या मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न वारसा यादीत जाण्याच्या बेतात असताना, एप्रिल २०१५ मध्ये मालकांनी परवानगी न घेता पाडला. फ्लॅट बांधायचे होते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, हुकूम काढला : होता तसा, वीट न् वीट, परत बांधा. इमारतीची बारीकसारीक नोंद आधीच झालेली होती, म्हणून ते जमलं. २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. आपल्याकडे वाडे पडताना असा एक हुकूम निघाला असता तर! असो, विषयांतर.

विचारणा करणारी

आभार! शेवटचं एक : ‘आवर लोकल’?

उत्तर १

घराजवळचा, रोजच्या बैठकीचा पब. ‘आमची लोकल’ लिहिलंत तर मुंबईकर ८.१२ ची फास्ट शोधतील. ‘आमचा नेहमीचा पब’ पुरे.