लहान भाऊ टेकनमध्येच करिअर करायचं म्हणतोय, घरात काय सांगू?

ताई_देवगड

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत नोकरीला, घर देवगड तालुक्यात, बाबांची हापूसची थोडी कलमं आहेत. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणापासून मारामारीचे गेम खेळतो आणि आता बराच काळ नुसतं टेकन ८ चालू आहे. परवा गावी गेले तर जेवताना त्याने सरळ सांगून टाकलं की डिप्लोमा झाला की नोकरी बघणार नाही, प्रो प्लेअर व्हायचंय. बाबा "खेळून काय पोट भरतला?" एवढंच बोलले आणि अर्ध्या ताटावरून उठून पडवीत जाऊन बसले. आई म्हणते तू शिकलेली, तूच काय ते बघ.

मला त्यातलं काही कळत नाही पण पोरगं टाइमपास करत नाहीये एवढं मला दिसतं. सुतारकाकांकडून फणसाच्या फळीचा एक चपटा डबा करून घेतलाय, वर होल सॉने भोकं पाडलीत, सगळी चोवीस मिलिमीटरची आणि अंगठ्यासाठी एक मोठं तीसचं, त्यात बटणं बसवून आतलं पिको बोर्ड (बटणं गेमला जोडणारं छोटं सर्किट) स्वतः सोल्डर केलंय. जॉयस्टिक नाहीच, सगळं बटणांवर. एक दोनशे पानी वही आहे, प्रत्येक मूव्हपुढे उणे दहा, उणे तेरा, अधिक चार असे आकडे लिहिलेत. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर हा एकच मूव्ह मारतोय, शंभर वेळा डावीकडून, मग शंभर वेळा उजवीकडून, चुकला की पहिल्यापासून मोजणं.

तर विचारायचं एवढंच की यात खरंच करिअर असतं का, पैसा नक्की येतो कुठून, गावात राहून जमतं का, आणि बाबांना वाटतं तसा हा जुगार आहे का? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा, उगाच मोटिवेशन नको.

चिपळूणचा_जुना_गडी

ताई, वही आणि शंभर वेळा डावीकडून हे वाचलं आणि लिहायलाच बसलो. माझं वय आता ४४. आमच्या वेळी एसटी स्टँडजवळ एका गाळ्यात चार मशिनी होत्या, रुपयाला एक टोकन, दोनवर मुस्तफा आणि दोनवर केओएफ ९७, म्हणजे किंग ऑफ फायटर्स हा मारामारीचा गेम. केओएफवर नियम एकच, हरला तो उठला, जिंकला तो बसून राहिला. त्यामुळे चांगल्या पोराचं एक टोकन तासभर चालायचं आणि आमच्यासारख्यांचं दोन मिनिटं. एका मोठ्या पोराला हरवायला मला सात आठ महिने लागले आणि ते मी खेळून शिकलो नाही, त्याच्या मागे उभं राहून त्याच्या बोटांकडे बघून शिकलो. पुढे घरोघरी पीसी आले, गाळा बंद झाला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे लाहोर. आपल्याकडे जे संपलं ते तिथे चालू राहिलं. अर्सलान ॲश हे नाव तुमच्या भावाला विचारा, तो तासभर बोलेल. हा लाहोरचा पोरगा, आधी केओएफच खेळायचा, मग टेकनकडे वळला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानमध्ये फुकुओकाला इव्हो जपान झाली (इव्हो ही मारामारीच्या गेमची जगातली मोठी स्पर्धा, तिचीच ही जपानमधली) तेव्हा बाहेरच्या जगात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. व्हिसाची कटकट आणि विमानांची बोंब पार करून कसाबसा पोचला आणि जिंकला. जिंकल्यावर काय म्हणाला, तर माझ्या देशात माझ्या तोडीचे अजून आहेत. लोकांना वाटलं बोलायला काय जातंय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासला मोठी इव्हो झाली, तिथे फायनलला समोर कोरियाचा नी नावाचा खेळाडू, म्हणजे या खेळातला भीष्माचार्यच म्हणा, त्यालाही हरवलं. मग नी स्वतः पाकिस्तानात गेला, की ही पोरं नक्की कशी खेळतात ते बघू तरी! आणि अर्सलान खोटं बोलला नव्हता, २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमला टेकन वर्ल्ड टूरची फायनल पाकिस्तानच्याच आतिफ बटने जिंकली. अर्सलानने नंतर २०२३ मध्ये इव्हो जपान आणि इव्हो दोन्ही मारल्या, २०२४ मध्ये टेकन ८ वर पुन्हा इव्हो.

माझं स्पष्ट मत आहे की ही एकट्या पोराची हुशारी नाही. एकाच शहरात रोज संध्याकाळी समोरासमोर बसून खेळणारे तगडे गडी होते, एकाने नवीन काही काढलं की आठवड्यात बाकीच्यांनी त्यावर उतारा शोधला, त्यातून तो घडला. आखाड्याशिवाय पैलवान होत नाही. तुमच्या भावाची मेहनत वहीत दिसतेच आहे, पण त्याला विचारा की तुझ्यापेक्षा सरस असा माणूस तुझ्या शेजारी शेवटचा कधी बसला होता? उत्तर "कधीच नाही" असेल तर पैसा, जुगार, करिअर हे सगळं नंतर, आधी त्याची सोय करा.

कुडाळचो_झील

मी कुडाळचो, सध्या पुण्यात नोकरी, सहा वर्षं टेकन आणि स्ट्रीट फायटर खेळतोय, छोट्या टुर्नामेंटला जातो. वरच्या दादांशी सहमत. पैशाचं खरं काय ते सांगतो कारण तेच कोणी सांगत नाही.

मोठे आकडे खरे आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या कॅपकॉम कप टेन या स्ट्रीट फायटरच्या स्पर्धेला पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर होतं, तैवानच्या उमा नावाच्या खेळाडूने नेलं. पण एवढं मोठं बक्षीस क्वचितच, बाकी बहुतेक स्पर्धांत पहिल्या आठात आलं तरी विमानाचं तिकीट निघेल की नाही सांगता येत नाही. फायटिंग गेम एकेकट्याने खेळायचे, त्यामुळे बीजीएमआयसारखी (तो पबजीवाला मोबाइल गेम) चार जणांची टीम, पगार, राहायला घर असं इथे फारसं मिळत नाही. जगभरातले जे यावर जगतात त्यांना स्पॉन्सर, स्ट्रीमिंग, शिकवणीची फी असं सगळं जोडावं लागतं, नुसत्या बक्षिसावर घर चालवणारे अगदी हातावर मोजण्याइतके. भारतात तर मी ज्यांना ज्यांना ओळखतो ते सगळे नोकरी किंवा कॉलेज करून खेळतात, माझ्यासकट, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

एक चांगली गोष्ट मात्र आहे. इव्होसारख्या स्पर्धेला निवड समिती वगैरे काही नसते, एंट्री फी भरली की कोणीही बसू शकतो, समोर वर्ल्ड चॅम्पियन आला तर आला. दोनदा हरेपर्यंत बाहेर जात नाही, पहिल्यांदा हरलास की लूझर्स ब्रॅकेटमधून, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटातून, वर चढत यायचं. ओळख नाही, वशिला नाही. क्रिकेटात जिल्ह्याच्या संघात जाण्यासाठी काय काय बघितलंय ते मला माहीत आहे.

आता गावाकडचं नेट. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, चालतो म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. त्या वहीतलं उणे दहा म्हणजे समोरच्याने मारलेला मूव्ह तू अडवलास की तो दहा फ्रेम उघडा पडतो, आणि टेकनमधला सगळ्यात वेगवान साधा ठोसा दहा फ्रेमचाच असतो, म्हणजे तिथे ठोसा बसलाच पाहिजे, एक फ्रेम उशीर झाला की संधी गेली. हे सगळं इतक्या बारीक वेळेचं असताना नेट उड्या मारायला लागलं की सराव उलटा होतो, हात चुकीच्या टायमिंगला बसतो. टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ मध्ये रोलबॅक नेटकोड आहे, म्हणजे समोरच्याचं बटण पोचायच्या आत गेम अंदाज बांधून पुढे चालतो आणि अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्त करतो, त्यामुळे पूर्वीपेक्षा खूप बरं आहे. पण देवगडातून जपानशी खेळायचं तर मधलं अंतर कुठला नेटकोड खाऊन टाकणार? आणि दोन कामं आजच कर म्हणावं, वायफाय बंद करून लॅनची केबल टाक आणि राऊटरला वेगळा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लाव. पावसात लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर घेईपर्यंत राऊटर रीस्टार्ट होतो, माझे असे कितीतरी सामने अर्धवट गेलेत. झाड पडून फायबर तुटली तर मात्र देवाक काळजी.

फणसाच्या डब्याचो फोटो टाक गो, सगळ्यांका बघूचो आसा.

हर्णै_९४

जुगाराचं थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाखाली आणले होते. टेकनमध्ये एंट्री फी भरायची आणि खेळायचं, कॅरमच्या स्पर्धेसारखंच. बाबांना असंच सांगा, कॅरम त्यांना लगेच कळेल.

मास्तर_दापोली

मी शाळेत शिकवत होतो, आता निवृत्त. नातवामुळे या खेळांचे सामने बघायला लागलो आणि खरं सांगतो, गोडी लागली. मला दोन माणसांबद्दल लिहायचं आहे.

पहिला जपानचा दाइगो उमेहारा. २००४ च्या इव्होमधला त्याचा एक सामना नातवाने दाखवला, मी तो वीसेक वेळा तरी पाहिला असेन. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोची ताकद इतकी उरलेली की फटका नुसता अडवला तरी त्याचा जो थोडा मार लागतो तेवढ्यानेच तो संपला असता. वाँगने पंधरा लाथांचा हल्ला सोडला. अडवून उपयोग नाही, प्रत्येक लाथ लागण्याच्या ऐन क्षणी पुढे दांडी ढकलून ती परतवायची. पंधराच्या पंधरा परतवल्या, शेवटची तर हवेत उडी मारून, आणि उलटा मारून सामना जिंकला. मागे लोक खुर्च्यांवर चढलेले. पण ताई, ती स्पर्धा तो जिंकला नाही हे फार जणांना माहीत नसतं, फायनल हरला. पुढे खेळ सोडला, काही काळ माजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळला, मग वृद्धांची देखभाल करणाऱ्या केंद्रात नोकरी केली. स्ट्रीट फायटर ४ आल्यावर परतला आणि २००९ आणि २०१० ची इव्हो जिंकला.

दुसरा कोरियाचा किम ग्वान-वू. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये २०२३ साली स्ट्रीट फायटर ५ होता, आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघेही उतरले होते. सुवर्ण किमने घेतलं, वय ४४! समोर त्याच्यापेक्षा वयाने लहान खेळाडू होते.

म्हणून मला तुमच्या भावाच्या घाईचं कारण कळत नाही. हा खेळ विशीत संपणारा नाही, डोकं आणि सवय यांच्यावर चालतो. डिप्लोमा पूर्ण करावा आणि सुटीच्या दिवशी नेमाने खेळावं. आणि तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांची भीती रास्त आहे. मोहर गळाला की वर्ष कसं जातं ते ज्याने पाहिलंय तो दुसऱ्या बेभरवशाच्या धंद्याला पटकन हो म्हणणार नाही.

ताई_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळी पोस्ट भावाला फोनवर वाचून दाखवली. चिपळूणच्या दादांचा प्रश्न विचारला तर पलीकडून कितीतरी वेळ आवाजच नाही, मग म्हणाला, "ताई, समोर बसून मी आजपर्यंत कोणाशीच खेळलो नाही." मला एकदम कसंतरी झालं. म्हणजे दोन वर्षं हा त्या खोलीत एकटाच.

बाबांना कॅरमचं सांगितलं, ते स्वतः तरुणपणी गणपतीत कॅरमच्या स्पर्धा खेळायचे. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभे राहून बघत होते असं आईने सांगितलं. डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि "फळी बरी वापरल्यान" म्हणाले म्हणे.

डिप्लोमा पूर्ण करायचं त्याने कबूल केलंय, पण नंतर एक वर्ष मागतोय, नोकरी शोधताना स्पर्धांना जाऊ द्या म्हणून. मला ते ठीक वाटतं. पण समोर बसून खेळायला कोणी आणायचं कुठून? पुण्या-मुंबईला दर आठवड्याला पाठवणं परवडणारं नाही.

चिपळूणचा_जुना_गडी

ताई, माझा पुतण्या खेळतो, त्याच्याकडे पीसी आहे, त्याचे दोन मित्र खेडवरून येतात. तिघेही तुमच्या भावाइतके पक्के असतील की नाही माहीत नाही, पण त्यातला एक विचित्र खेळतो, वहीत नसलेलं काहीतरी करतो, ते त्याच्या उपयोगाचं आहे. येत्या रविवारी पाठवा. नांदगावला सकाळची दिवा पॅसेंजर पकडली की दुपारी चिपळूण, मी स्टेशनवर येतो. रात्री आमच्याकडेच जेवेल, झोपेल, सोमवारी परत. डबा आणि त्याची केबल आठवणीने आणायला सांगा, मॉनिटर आमच्याकडे चांगला आहे, टीव्हीवर बटणं उशिरा लागतात. आणि वही पण. नियम जुनाच राहील, हरला तो उठला.

कुडाळचो_झील

मी रविवारी गावी असतंय, तेच गाडीक कुडाळाक चढतंय. डब्यात जागा धरून ठेवतंय तुझ्या भावासाठी.