कोलेस्टेरॉलने मेम्ब्रेन घट्ट होतं की पातळ? नक्की काय ते सांगा

रसिका_बायो:
बायोकेमची परीक्षा जवळ आलीय आणि मी इथेच अडकलेय. एका पुस्तकात दिलंय कोलेस्टेरॉलमुळे पेशीचं मेम्ब्रेन घट्ट होतं, दुसऱ्यात दिलंय ते मेम्ब्रेनला गोठू देत नाही. दोन्ही कसं खरं असेल? आणि मेम्ब्रेन ज्या रेणूंचं बनतं ते फॉस्फोलिपिड एकमेकांना बॉन्डने जोडलेलेच नसतात ना, मग सगळं सुटून का जात नाही?

मेदवेडा:
दोन्ही खरंय, फक्त तापमान कुठलं ते सोबत बघायचं. फॉस्फोलिपिडला पाणी आवडणारं एक डोकं आणि फॅटी ॲसिडच्या दोन तेलकट शेपट्या असतात. आधी या शेपट्या समजून घे, सगळी गंमत तिथेच आहे. फॅटी ॲसिडची शेपटी सॅच्युरेटेड, म्हणजे डबल बॉन्ड नसलेली, असेल तर सरळ, शेजारणीला चिकटून बसते, पण सिस डबल बॉन्ड आला की तिला बाक येतो आणि मग नीट खेटून बसताच येत नाही. स्टिअरिक आणि ओलिइक ॲसिड घे, दोन्हीत कार्बन 18च, पण स्टिअरिक वितळतं साधारण 69 अंश सेल्सिअसला आणि ओलिइक 13-14 लाच, एवढा फरक एका डबल बॉन्डने!
आता कोलेस्टेरॉल. त्याचा ओएच गट पाण्याच्या बाजूला, फॉस्फोलिपिडच्या डोक्यांजवळ असतो आणि चार रिंगांचा ताठ भाग शेपट्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला टेकलेला. तापमान जास्त असताना शेपट्या वळवळतात, त्यांना हा ताठ भाग आवरतो, म्हणून घट्ट. तापमान उतरलं की त्याच शेपट्या रांगेत बसून जेल, म्हणजे गोठल्यासारख्या घट्ट, व्हायला बघतात, पण हा मध्येच घुसलेला असल्यामुळे रांगच लागत नाही.

थर_दुहेरी:
बॉन्डचं मी सांगतो. शेपट्या पाण्यात उघड्या पडल्या की त्यांच्याभोवती पाण्याच्या रेणूंची हालचाल बांधली जाते, एन्ट्रॉपी (रेणूंचा अस्ताव्यस्तपणा) कमी होते, ते टाळायला लिपिड आपोआप दोन थरांत बसतात. छोटं भोक पडलं तर कडेच्या शेपट्या पाण्याला लागतात, म्हणून ते स्वतःच बुजतं. एकेक रेणू मात्र आपल्या थरात मोकाट फिरतो, सेकंदाभरात साधारण 2 मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास एका ई. कोलाय बॅक्टेरियाच्या लांबीइतकं! पण या थरातून त्या थरात जायला कित्येक तास, कधी दिवससुद्धा, कारण पाणी आवडणारं डोकं मधल्या तेलकट भागातून न्यावं लागतं. म्हणून पेशी एटीपी (तिचं ऊर्जेचं चलन) खर्च करून फ्लिपेज नावाची प्रोटीन्स वापरते आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं एक फॉस्फोलिपिड आतल्याच थरात ठेवते. अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा ठरवून होणारा मृत्यू, सुरू झाला की ते बाहेरच्या थरात येतं आणि मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) त्या खुणेवरून ती पेशी गिळतात. मला हे मेम्ब्रेनमधलं सगळ्यात भारी वाटतं.

रसिका_बायो:
वा, आता डोक्यात बसलं. पण बहुतेक बॅक्टेरियांमध्ये कोलेस्टेरॉल नसतंच ना, मग ते थंडीत काय करतात?

मेदवेडा:
शेपट्याच बदलतात! ई. कोलाय कमी तापमानाला वाढवला तर त्याच्या मेम्ब्रेनमध्ये अनसॅच्युरेटेड शेपट्यांचं प्रमाण वाढतं, म्हणजे बाकदार जास्त, सरळ कमी. थंड पाण्यात राहायची सवय होताना मासेसुद्धा हेच करतात, कोलेस्टेरॉल असूनही.