मदत हवी आहे: पहिलीच काडतुशी बंदूक घेतोय, एकनळी की दुनळी? बजेट कमी आहे

सुपारीवाला:

नमस्कार मंडळी, इथे बंदुकीबद्दल विचारलेलं चालतं की नाही माहीत नाही, चालत नसेल तर अॅडमिननी धागा उडवावा, राग नाही.

आमचं गाव सिंधुदुर्गात, कुडाळ तालुका. नारळ, सुपारी, थोडी केळी आणि खाली मळ्यात भात. केलटी (माकडं) आणि वांदर दिवसा, डुकरं रात्री, म्हणजे दोन शिफ्टमध्ये काम चालतं त्यांचं. बाबांकडे ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) आहे, मला आठवतंय तेव्हापासून आहे, पण पावसात दारू सर्द होते, केप (दारू पेटवायची टोपी) फुटते आणि बार लागतच नाही, आणि तोपर्यंत माकडं शहाळी खाऊन वरून आपल्याकडे बघत बसतात. बाबा आता 73 चे, त्यांना ठासत बसणं जमत नाही.

मी माझ्या नावाने शेतीसंरक्षणाचा परवाना टाकला होता, बरेच हेलपाटे घातले, शेवटी आला एकदाचा. आता घ्यायची वेळ आली तर काहीच कळत नाहीये. बजेट तीस हजारांच्या आत, अगदी ताणलं तर पस्तीस. कोल्हापूरला एका दुकानात फोन केला तर ते म्हणाले नवीन देशी एकनळी बजेटमध्ये बसेल, दुनळी नवीन घेतली तर थोडं वर जाईल, आणि एक जुनी विलायती दुनळी आहे ती देतो बजेटमध्ये, "अशी वस्तू परत मिळायची नाही साहेब." तिचे फोटो पाठवलेत. नळ्यांवर लाटांसारखी नक्षी आहे, लाकूड तर काय सांगू, आमच्या देव्हाऱ्याला असलं लाकूड नाही. मन तिच्यावर गेलंय खरं सांगायचं तर. नळीच्या खाली बारीक अक्षरात 'नॉट फॉर बॉल' असं काहीतरी कोरलंय, ते काय असतं?

शिकार वगैरे करायची नाहीये. आवाज काढून हाकलायचं, एवढंच. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

काजूबी:

आधी एक सांग, परवान्यावर काय लिहिलंय? नुसतं बारा बोअर (नळीचं माप) लिहिलंय की एसबीबीएल असं लिहिलंय? एसबीबीएल म्हणजे एकनळी मागून भरायची, डीबीबीएल म्हणजे दुनळी. एसबीबीएल लिहिलं असेल तर दुनळीचा विषयच संपला, आधी दुरुस्ती करून आण. आणि खरेदीची मुदत पण बघ लिहिलेली असते, माझ्या चुलत भावाने पसंत करण्यातच मुदत घालवली होती.

सुपारीवाला:

बारा बोअर, एसबीबीएल/डीबीबीएल असं दोन्ही लिहिलंय. मुदत आहे अजून.

जुनापारधी:

सुपारीवाले, ती विलायती घेऊ नका. फोटो न बघताच सांगतोय, तुम्ही जे वर्णन केलंत त्यातच सगळं आलं.

'नॉट फॉर बॉल' म्हणजे त्या नळीला चोक आहे, तोंडाशी ती किंचित अरुंद केलेली आहे, त्यातून अख्खी शिशाची गोळी झाडू नका, फक्त छर्रे. हा शिक्का इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात मारत होते. म्हणजे बंदूक तुमच्या पणजोबांच्या वयाची. आणि ती लाटांची नक्षी म्हणजे दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून एकजीव केलेली नळी. दिसायला अप्रतिम, मी स्वतः तासभर हातात घेऊन बसेन. पण ती काळ्या दारूसाठी बनवलेली. आजच्या काडतुसात बिनधुराची नायट्रो दारू असते, तिचा दाब वेगळा, आणि त्या पट्ट्यांच्या सांध्यात सव्वाशे-दीडशे वर्षांत आत काय गंज धरलाय ते बाहेरून दिसत नाही. नळी फाटते ती नेमकी तुमचा डावा हात असतो तिथे. भिंतीवर टांगायला ठीक, माकडं हाकलायला नको.

दुसरी गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर बहुतेक अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटर. आता काडतुसं पावणेतीन इंची, 70 वाली पण मिळतात. गंमत अशी, की गंमत कसली डोंबलाची, 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण ती लांबी उडाल्यानंतरची, तोंड उघडल्यावरची मोजतात. बसलं म्हणजे चालतं असं माणसाला वाटतं, मग बार काढला की तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो. म्हणून कुठलीही जुनी बंदूक घेताना नळीच्या खाली, लाकूड काढून, 65 आहे की 70 ते वाचायचं, आणि काडतुसाच्या डब्यावरचं पण वाचायचं.

आता तुमच्या कामाचं. तुम्हाला आवाज हवाय, दिवसातून एखाद-दोन बार. त्याला नवीन देशी एकनळी पुरते. मुंगेर आणि जम्मूकडचे कारखाने पिढ्यानपिढ्या याच बनवतायत, सुबक नसतात, लाकडाला फिनिशिंग नसतं, पण मेकॅनिझम साधं आणि बिघडलं तर आपल्याकडचा कारागीरही दुरुस्त करतो. एकनळीचा तोटा एकच, हलकी असते म्हणून खांद्याला धक्का जास्त बसतो. दुनळीला वजन असतं, धक्का कमी लागतो, आणि दुसरा बार हाताशी असतो, पण तुमच्या कामाला दुसरा बार कशाला? माकड पहिल्यालाच पळतं, आणि जे पळत नाही ते दहाव्यालाही पळत नाही.

सुपारीवाला:

बाप रे. धन्यवाद काका. दुकानदार यातलं एक अक्षर बोलला नव्हता. म्हणजे दुनळी घ्यायचीच झाली तर नवीनच घेऊ का? सेकंडहँड एकदम बाद का? आमच्या वाडीतले एकजण विकतायत, देशी दुनळी, वीसेक वर्षं जुनी.

जुनापारधी:

सेकंडहँड बाद नाही, बघून घ्या. पुढचं लाकूड काढायचं, मग नळ्या धरून दस्ता (खांद्याला लावायचं मागचं लाकूड) हलवायचा, बिजागरीत खटखट जाणवली तर सोडून द्यायची. नळ्या सुट्या करून दोरीला टांगायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची, देवळातल्या घंटेसारखी लांब वाजली तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की, भद्द वाजली तर कुठेतरी जोड सुटलाय. मग उजेडाकडे धरून आतून बघा, वर्तुळं एकात एक गोल दिसली पाहिजेत, कुठे सावली मोडली तर तिथे पोचा किंवा फुगवटा आहे. खड्डे दिसले तर थोडे चालतील, चेंबरजवळचे चालणार नाहीत. हे सगळं बंदूक रिकामी आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बघून. मालक म्हणाला रिकामी आहे म्हणून नाही.

काजूबी:

वाडीतल्याकडून घेणार असाल तर आज ठरवली आणि उद्या घरी आणली असं होत नाही बरं का. विकणाऱ्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस जाऊ द्यायचे, आर्म्स अॅक्टमध्येच आहे ते. हात उसनी द्या आठ दिवस, बघू कशी वाटते, हा प्रकार तर अजिबात नको. शेजारधर्माने दिलेली बंदूक दोघांनाही आत घालते.

मालवणी_खाजा:

रे झिला, पैले सांग, आवाजच काढूचो आसा तर फटाके काय वाईट? 😀

सुपारीवाला:

खाजानू, फटाके लावून झाले. सुतळी बॉम्ब लावला तर वांदरं चार दिवस गेली, पाचव्या दिवशी आली ती अख्खी खानेसुमारी घेऊन आली.

रानवाटा:

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. बंदुकीने केलटी हटत नाहीत. आमच्याकडे (राजापूर) पाच वर्षं बंदूक आहे, त्यांना आता माणूस ओळखता येतो, हातात लांब काही दिसलं की बागेच्या त्या टोकाला, मी त्या टोकाला गेलो की ह्या टोकाला. त्यापेक्षा भातमळ्याला सोलरची झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी) लावा, डुकरांना ती खरंच अडवते, फक्त खालच्या तारेला गवत लागू द्यायचं नाही. दोन चांगले कुत्रे. मग उरलेल्या कामाला बंदूक.

आणि एक महत्त्वाचं. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे मारायचा परवाना नाही, बऱ्याच लोकांचा इथेच घोळ होतो. वानर, माकड, गवा सगळे वन्यजीव कायद्याखाली येतात. डुकराने नुकसान केलं तरी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते, तिच्याशिवाय बार टाकलात तर बंदूक, परवाना आणि तुम्ही तिघेही जाल. रात्री तर नकोच, डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचतोच आपण. सळसळलं म्हणून चाप ओढायचा नाही.

जुनापारधी:

रानवाटांशी शंभर टक्के सहमत. आणि हळदीला, शिमग्याला कोणी म्हणेल काढ की एक बार, तर नाही म्हणायला आत्तापासून शिका. आर्म्स अॅक्टच्या 2019 च्या दुरुस्तीपासून आनंदात बार काढल्याला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

काजूबी:

निवडणुकीचं कोणी सांगितलं का याला? बंदूक जमा करावी लागते रे. 2024 ला लोकसभेला एकदा, तीही ऐन काजूच्या हंगामात, आणि विधानसभेला एकदा, माझी पोलीस स्टेशनला. शेतीसंरक्षणाची आहे, सूट द्या असा अर्ज करता येतो, कमिटी बघते, मी उशिरा दिला. परत मिळाली तेव्हा नळीवर तांबूस मिशा आल्या होत्या. जमा करताना आतून-बाहेरून जाड तेल फासून द्यायची आणि पावतीवर नंबर नीट तपासून घ्यायचा.

सुपारीवाला:

अरे हे माहीतच नव्हतं. बाबांची पण जायची, पण तेव्हा मी मुंबईत होतो. बरं बाबांच्या ठासणीचं काय करायचं? माझ्या नावावर होते का? की सरेंडर?

काजूबी:

होते. 2016 च्या आर्म्स रूल्समध्ये आहे, परवानाधारक 70 चा झाला किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली की वारसाच्या नावावर मागता येते, माणूस जायची वाट बघावी लागत नाही. बाबा 73 म्हणजे बसतंय. एका माणसाला आता दोनच बंदुका, आधी तीन होत्या, तेव्हा ही एक आणि नवीन एक, कोटा फुल्ल.

मालवणी_खाजा:

ठासणीची सरेंडर करू नको रे. बापाशीक इचारल्याशिवाय तर मुळीच नको.

सुपारीवाला:

अपडेट देतो. काल कोल्हापूरला जाऊन आलो, बाबांना घेऊन गेलो. ती विलायती बघितली. लाकूड काढून बघायला सांगितलं तर दुकानदाराचा चेहराच बदलला, पण काढून दिलं. चेंबर 65. टिचकी मारली, भद्द. बाबांनी डोळ्याला लावून आत बघितलं आणि काही न बोलता खाली ठेवली. वाईट वाटलं थोडं.

नवीन एकनळी दोन बघितल्या, एक घोड्याची, म्हणजे बाहेरून कोंबडा ओढायची, आणि एक बिनघोड्याची. घोड्याची स्वस्त आहे. बाबा म्हणतात घोड्याचीच घे, ओढलाय की नाही ते लांबून दिसतं. दुकानदार म्हणतो बिनघोड्याची घ्या. आता काय करू?

जुनापारधी:

तुमचे बाबा बरोबर आहेत, दिसतं हे खरं. पण तुम्ही पावसात वापरणार. घोडा ओढला, माकड गेलं, आता ओल्या अंगठ्याने तो हळूच खाली सोडायचा, तिथे घसरतो. बिनघोड्याचीला सेफ्टी असते, आणि मुख्य म्हणजे मोडून, म्हणजे बिजागरीत उघडून, काडतूस बाहेर काढलं की विषय संपला. ठासणीच्या माणसाला हे सवयीचं नसतं, भरलेली ठासणीची रिकामी करायची तर बहुतेक बारच काढावा लागतो, म्हणून ते घोड्याकडे बघून चालतात. मी म्हणेन दोन हजार जास्त जाऊ दे, बिनघोड्याची घ्या, आणि घोड्याचीच घेतलीत तर घोडा खाली सोडायच्या भानगडीत न पडता आधी बंदूक मोडा, काडतूस काढा, मग सोडा.

घ्यायच्या आधी खांद्याला लावून बघा. डोळे मिटून लावायची, मग उघडायचे, टोकाचा नेम धरायचा मणी नळीच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे. तुमची उंची किती? देशी दस्ते थोडे लांब येतात, बुटक्या माणसाच्या काखेत अडकतात, सुताराकडून अर्धा इंच कापून घेता येतो.

सुपारीवाला:

पाच फूट चार 😅 अडकतोच. दुकानदार तिथेच कापून देतो म्हणालाय. बिनघोड्याची ठरवली, शनिवारी आणतो, सोमवारी परवान्यावर नोंद करून घेतो. सोबत लेदरचं कव्हर फ्री देतोय, घेऊ ना?

काजूबी:

घे, पण त्यात ठेवू नको. आपल्या पावसात लेदर ओल धरतं, गणपतीपर्यंत नळी लाल होईल. नेण्या-आणण्यापुरतं कव्हर, घरी कोरड्या कपाटात कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि चावी पोरांना माहीत नसलेल्या जागी. आणि बाबांना सांग खोबरेल लावू नका, थंडीत थिजतं आणि आत चिकटा धरतो. शिवणमशीनचं तेल चालेल.

सुपारीवाला:

बाबा म्हणतायत, तीस वर्षं खोबरेलच लावलंय.

जुनापारधी:

म्हणूनच बार लागत नसेल. त्यांना सांगू नका मी म्हणालो म्हणून.