हेल्थ अँड वेलबीईंग मॅनेजमेंटचं पीजी: नोकरी सोडून करण्याइतकं त्यात काय आहे?

मिरज_प्लॅटफॉर्म_दोन:
धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट, तीन वर्षं सांगलीत एका हॉस्पिटलात करतेय. आता म्हणते हेल्थ अँड वेलबीईंग मॅनेजमेंटमध्ये पीजी करायचं, दोन वर्षं नोकरी सोडून, वर कर्ज काढून. मला हे पटत नाही. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, वानलेस साहेबांनी १८९४ ला इथं हॉस्पिटल काढलं तेव्हा कुणाकडं मॅनेजमेंटची डिग्री होती? तरी पेशंट पार कर्नाटकातनं येत राहिले. करायचंच तर ऑर्थोमधलं एमपीटीएच, म्हणजे हाडं-सांध्यांच्या फिजिओतलं मास्टर्स, कर की, उद्या स्वतःचं क्लिनिक टाकता येतंय. वेलबीईंग म्हणजे योगा डेला चटया अंथरायच्या आणि टी-शर्ट वाटायचे, दुसरं काय? उलटं मत असेल तर बोला, पण अनुभवाचं बोला.

फाईलवाली_ताई:
दादा, मी चार वर्षं बिलिंगला होते. डॉक्टर सकाळी राउंडला म्हणतात आज सोडा, पेशंटच्या बायकोनं पिशव्या भरलेल्या, वडापवाल्याला सांगून ठेवलेलं, आणि फाईल वॉर्डातच पडून, कारण डिस्चार्ज समरी लिहिणारा आरएमओ, म्हणजे वॉर्डाचा निवासी डॉक्टर, ऑपरेशन थिएटरात. मग उरलेल्या औषधांचं फार्मसी रिटर्न, मग माझं टेबल, मग टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणारे, तिथनं क्वेरी की एक्सरेचा रिपोर्ट जोडला नाही. झाले संध्याकाळचे सहा. २०२४ ला विमा नियामक आयआरडीएआयनं नियम केला की डिस्चार्जची मागणी आल्यापासून तीन तासात विमा कंपनीनं मंजुरी द्यायची, पण आमची मागणी जाईपर्यंतच दुपार व्हायची! मग हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन केलेली एक पोरगी आली. तिनं समरी आदल्या रात्रीच अर्धी लिहून ठेवायला लावली आणि फार्मसी रिटर्न सकाळी आठला. दोनला बेड रिकामे व्हायला लागले.

मिरज_प्लॅटफॉर्म_दोन:
हे कुठलीही हुशार हेड सिस्टर सांगेल की. त्याला दोन वर्षं कशाला?

फाईलवाली_ताई:
आमच्या सिस्टरनी सांगितलं होतं, दोनदा. कुणी ऐकलं नाही. त्या पोरीनं आठ दिवस प्रत्येक फाईल कुठल्या टेबलावर किती वाजता आली ते लिहिलं आणि कागद मोठ्या सरांपुढं ठेवला, मग ऐकलं. शिकवतात ते हेच.

कुपवाड_एमआयडीसी:
ताई, ते हॉस्पिटल मॅनेजमेंट झालं, वेलबीईंग वेगळं. त्याला जागा कारखान्यात आहे, आणि हे काही आजचं फॅड नाही, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच ५०० कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवायचा असं होतं. किर्लोस्करवाडी तर १९१० ची, कारखान्याशेजारीच कामगारांची वस्ती. पण आमच्याकडं बाहेरनं वेलनेसवाले आले आणि स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं कधी, तर नाईट शिफ्ट सुटल्यावर सकाळी सातला. निम्मी पोरं बसल्या जागी घोरत होती. खरं दुखणं म्हणजे कंबर, कारण कामाचं टेबलच बुटकं, दिवसभर वाकून उभं राहायचं. फिजिओ असती तर एका फेरीत म्हणाली असती टेबल चार इंच उचला. म्हणून म्हणतो डिग्री घेऊ दे तिला, पण फिजिओ सोडू नको म्हणावं.

कंदीपेढा_सातारा:
मी पूर्ण विरोधात. वेलबीईंग नावाखाली कुठं योग-आहार शिकवतात, कुठं एचआर, कुठं पब्लिक हेल्थ. मुंबईच्या टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थचं मास्टर्स, म्हटलं तर घेणाऱ्याला कळतं तरी हा काय शिकलाय. सरकारी नोकरीच्या आशेनं तर अजिबात करू नका, आयुष्मानच्या उपकेंद्रांवर जे सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, भरतात ते बीएएमएस नाहीतर नर्सिंगवाले, सहा महिन्यांचा कोर्स करून. आमच्या मेव्हण्यानं असल्याच एका गोड नावाच्या कोर्सला लाखांनी फी भरली, प्लेसमेंट मिळाली पुण्यात, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर. पार्किंगचे पास फाडतोय.

फाईलवाली_ताई:
मग हा दोष कोर्सचा का न बघता पैसे भरणाऱ्याचा? 😀

कंदीपेढा_सातारा:
दोघांचा. फी मात्र एकानंच भरली.

मिरज_प्लॅटफॉर्म_दोन:
बहिणीला सगळं वाचायला दिलं. म्हणते, ऑर्थो ऑर्थो करतोस ते आईच्या गुडघ्यासाठी काय? सिलॅबस मागवलाय, इंटर्नशिप खरंच हॉस्पिटलात असते का झूमवर तेही फोन करून विचारणार आहे. माझं मत अजून बदललं नाही. तिनं मात्र ते टेबलाचं दोनदा वाचलं आणि विचारत होती कुपवाडात कुठला कारखाना.