शब्दचर्चा : हडळ, जखीण, ‘ती आत्मा’ आणि भूतकथेवरचा अभिप्राय

प्रश्न : माझ्या भाचीने तिची पहिली भूतकथा माझ्याकडे वाचायला दिली आहे. कोकणातले जुने घर, बाळंतपणात गेलेली थोरली सून आणि तिच्या पश्चात कोणीही पाणी न भरलेली विहीर, असा विषय आहे. कथा मला आवडली, पण त्या सुनेच्या भुताला तिने कुठे ‘आत्मा’, कुठे ‘हडळ’, कुठे ‘जखीण’ आणि शेवटी ‘अमानुष शक्ती’ म्हटले आहे. वाचताना काहीतरी सतत खटकते. नेमके काय ते मला मांडता येत नाही. शिवाय मी तिला जे लिहून देणार आहे त्याला ‘टीका’ म्हणावे की ‘अभिप्राय’, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : आपल्याला जे खटकले ते बरोबर खटकले आहे, आणि त्याची सुरुवात ‘आत्मा’ या शब्दापासून होते. मराठीत आत्मा पुल्लिंगी आहे आणि हिंदीत तो स्त्रीलिंगी आहे. हिंदी चित्रपट आणि मालिका ऐकून ऐकून ‘भटकती आत्मा’, ‘ती आत्मा’ असे प्रयोग आपल्याकडे सर्रास होऊ लागले आहेत. ‘आत्मा दाराशी आला आणि तिने माझ्याकडे पाहिले’ असे वाक्य भाचीच्या कथेत असेल, तर ‘आला’ आणि ‘तिने’ यांच्यामध्ये वाचक क्षणभर अडखळतो, आणि भुताच्या गोष्टीत नेमका तोच क्षण हातचा जाऊन चालत नाही. त्यातून ज्ञानेश्वरीपासून चालत आलेला आपला ‘आत्मा’ हा चिंतनाचा शब्द आहे. परसातल्या विहिरीवर कोण उभे आहे, याचे उत्तर देताना गावातली म्हातारी हा शब्द उच्चारणार नाही.

हडळ आणि जखीण यांच्यातही सरमिसळ नको. जखीण हा ‘यक्षिणी’चा अपभ्रंश आहे आणि सवाष्णपणी गेलेल्या स्त्रीच्या भुताला तो सामान्यतः लावतात. बाळंतपणाशी जोडलेले शब्द म्हणजे हडळ आणि अळवंत. गावोगाव या समजुतींच्या सीमा थोड्या सरकतात, हे खरे आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती चाळली, तरी अशा शब्दांचा किती मोठा पसारा आपल्याकडे होता हे ध्यानात येते. परंतु एका घरात एका बाईला एकच नाव असायला हवे, कारण त्या नावातच ती कशी गेली, तिचे काय राहून गेले आणि ती कोणासाठी परत येते हे सारे सामावलेले असते. मुंजा म्हटले की मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा डोळ्यांपुढे येतो, त्याचा वेगळा परिचय द्यावा लागत नाही. तीच सोय ‘अळवंत’ या शब्दात आहे, आणि तो आता फारसा कानावर पडत नसल्यामुळे त्याला एक अनोळखी धारही आली आहे. माझी शिफारस त्याच शब्दाची राहील.

‘अमानुष’ मात्र सरळ काढायला सांगावे. मूळ अर्थ ‘मनुष्याचे नव्हे ते’ असाच असला, तरी आजच्या मराठीत अमानुष मारहाण होते, अमानुष छळ होतो. हा शब्द क्रौर्याला चिकटला आहे. ‘अलौकिक’ स्तुतीकडे गेला आणि ‘अतिमानवी’ पराक्रमाकडे. उरला ‘अमानवी’. तो चुकीचा नाही, पण निवेदकाच्या तोंडी एखाद्या वेळीच शोभतो. पात्रांच्या तोंडी ‘बाहेरचं’, ‘बाधा’ हेच शब्द हवेत. रात्री सापाचे नाव टाळून त्याला ‘लांबडं’ म्हणणारी आजी भुताचे नाव घेईल का? ती नुसते ‘ती येते’ एवढेच म्हणेल, आणि वाचकाच्या अंगावर काटा यायला तेवढे पुरेल.

क्रियापदांकडेही भाचीचे लक्ष वेधावे. देवी अंगात येते, वारे येते. भूत एरवी लागते, धरते, झपाटते, पछाडते. यांतले ‘लागणे’ सौम्य आहे आणि संशयाला जागा ठेवते, तर ‘झपाटणे’ पूर्ण ताबा सांगते. तेव्हा धाकट्या जावेला पहिल्या पानावरच ‘झपाटले’, तर पुढे चढायला पायरीच उरत नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. ‘टीका’ म्हणजे मुळात अर्थ उलगडून सांगणे. 1290 सालची ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे ती याच अर्थाने. पण आज टीका म्हटले की दोषच ऐकू येतात, आणि पहिल्याच कथेवर तो शब्द जड पडेल. ‘विधायक टीका’ हा प्रयोग रुळलेला आहे, तरी मी ‘अभिप्राय’ निवडेन. ‘अभिप्रेत’ हा त्याचाच सख्खा भाऊ. अभिप्राय म्हणजे मुळात मनात योजलेला आशय; वाचकाचे मत हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणून तुम्हाला काय वाटले ते लिहिण्याआधी तिला काय अभिप्रेत होते, ते तुमच्या शब्दांत एकदा लिहा. ते जुळले नाही, तर दोष कुठे आहे हे तिचे तिलाच दिसेल. कथेतले एखादे वाक्य तुमच्या मनात राहिले असेल, तर तेही अवश्य कळवा.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : मनापासून आभार. राहिलेले वाक्य आहे. सकाळी निवेदिका विहिरीवर जाते, तेव्हा ‘रहाटाला कित्येक वर्षे कोणी हात लावला नव्हता, पण पोहरा ओलसर होता’ असे तिने लिहिले आहे. त्याच्या पुढचे वाक्य ‘मला भयानक भीती वाटली’ असे आहे.

उत्तर : ते पुढचे वाक्य काढायला सांगा, भीती पोहऱ्यात आलेली आहे, ती पुन्हा नाव घेऊन सांगितली की विरते. आणि ‘भयानक भीती’ ही तर द्विरुक्तीच झाली. शेवटच्या पानावर रक्तमांस आणले असेल, तर तेही तपासावे. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, भय आहे आणि बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. किळस आली की माणूस तोंड फिरवतो, आणि भ्यालेला मात्र बघतच राहतो.

‘ओलसर’विषयी एक शंका आहे. ओलसर पोहरा दवानेही होतो, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने सगळेच ओलसर असते. वाचकाने दवाकडे बोट दाखवू नये असे वाटत असेल, तर ‘ओला’ हवे आणि महिना वैशाखाचा हवा. पण निवेदिकेने स्वतःची समजूत घालावी आणि ती पटू नये, असे भाचीला अभिप्रेत असेल, तर ‘ओलसर’च योग्य आहे. कथेत महिना कोणता आहे, ते कृपया तिला विचारून सांगावे.