शब्दचर्चा : राहतेय गं, पण रमत नाही

आई तीन महिने झाले आमच्याकडे पुण्यात आहे, सातव्या मजल्यावर. काल मावशीला फोनवर म्हणाली, "राहतेय गं, पण रमत नाही." मी चहा गाळत होतो, गाळणं तसंच हातात राहिलं. वाईट वाटलंच, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, राहणं, रमणं, करमणं ह्यात नेमका फरक काय? सगळे एकाच अर्थाचे म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

• • •

संस्कृतात 'रम्' धातूचा जुना अर्थ थांबणं, स्थिर होणं असा आहे आणि आनंद वाटणं हा नंतरचा. म्हणूनच विराम, पूर्णविराम हे शब्द त्याच धातूचे. म्हणजे तुमच्या आईचा देह सातव्या मजल्यावर थांबलाय, मन थांबलेलं नाही, अगदी धातूसकट बरोबर बोलल्या त्या. आणि गंमत बघा, पेशवाईत श्रावणातली दक्षिणा वाटायला पर्वतीपाशी जमलेल्या ब्राह्मणांना ज्या आवारात कोंडून मग एकेकाला बाहेर सोडायचे त्या जागेला म्हणायचे रमणा! तिथे कोण किती रमलं असेल ते सोडा.

• • •

आराम पण त्यातलाच ना?

• • •

बाग ह्या अर्थाचा संस्कृत 'आराम' त्यातला, बौद्धांचा संघाराम म्हणतात तो. आपण आडवं पडून करतो तो आराम फारसीतून आला असावा, पण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत, फार भांडू नये.

• • •

आमच्या वऱ्हाडात सरळ म्हणतात, मले गमत नाही. गुजरातीत पण गमतुं नथी आहे. बाकी करमणेचं एक निरीक्षण, हा शब्द बहुतेक वेळा 'नाही' घेऊनच येतो, करमत नाही. मस्त करमतंय असं आपणहून कोणी सांगत नाही, कोणी विचारलं तरच. आणि त्याच शब्दाची करमणूक झाली की एकदम हसरी! ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नावच 'करमणूक'. आता मात्र करमणूक म्हणजे टीव्हीचं रिचार्ज.

• • •

मला ह्यात जास्त मजा राहण्याच्या शब्दांची वाटते. पिढ्यान् पिढ्या एका गावात राहणारा माणूस पत्ता लिहितो मु. पो. अमुक, म्हणजे मुक्काम, जो खरंतर वाटेत टाकायचा असतो. याउलट 'वस्' म्हणजे राहणं, त्यातून निवास, सहवास, वनवास, आणि प्रवास पण त्यातलाच, मूळ अर्थ घरापासून लांब राहणं! बंगालीत प्रवासी म्हणजे अजूनही परमुलखात राहणारा, आपण मात्र त्याला तिकीट काढून गाडीत बसवला. त्या हिशोबाने काकू सध्या प्रवासात आहेत. उपवास सुद्धा त्यातलाच, जवळ राहणं, साबुदाण्याचा उल्लेख कुठेही नाही.

आणि वस्ती. आमच्या सातारा भागात शेतातल्या चार घरांना वस्ती म्हणतात आणि रात्री गावात मुक्कामाला येणाऱ्या एसटीला वस्तीची गाडी, सकाळी तीच पहिली सुटते.

• • •

विचारांचं राहिलंच की. मनात 'घर करणं' आणि मनात 'घोळणं' वेगळं आहे. घर करतं ते सहसा एखादं दुःख, भीती नाहीतर संशय, न विचारता येतात आणि हलत नाहीत. घोळणारा विचार म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला लाडू, फिरवाल तेवढं अंगाला चिकटत जातं. तिसरा 'थारा', चित्त थाऱ्यावर नाही म्हणतो आपण, थारा म्हणजे आसरा, टेकायची जागा. तुमच्या आईचं सगळं थाऱ्यावर आहे, फक्त तो थारा गावाकडे राहिलाय असं मला वाटतं, चूक असेल तर सोडून द्या.

• • •

सगळ्यांचे आभार. रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. धातूबितू तिने ऐकून घेतलं, वस्तीच्या गाडीला मात्र उठून बसली. आमच्याकडची साडेआठला यायची म्हणे, ड्रायव्हर कंडक्टर आमच्याच ओट्यावर झोपायचे आणि पहाटे चुलीवरचं गरम पाणी मागायचे. मग कोणत्या ड्रायव्हरला चहात साखर जास्त लागायची ते सांगत बसली, साडेअकरापर्यंत.