भरती लागेपर्यंत गळाला काहीच नाही, मदत हवी आहे

काल पहाटेच होडी घेऊन खाडीत गेलो. ओहोटी सरत आलेली, पाणी जवळजवळ थांबलेलं. तीन तास कोळंबी लावून बसलो, पण मासा शिवलाही नाही. खेकड्यांनी मात्र आमिष फस्त करून गरी अगदी चकचकीत करून परत दिली! नऊनंतर भरती चढू लागली, दोरी ताणली आणि तासाभरात चार मासे. (पाचवा होडीच्या काठावरून निसटला, तो अर्थात सगळ्यात मोठा.)

ओहोटी ते भरती साधारण सहा तास. मग पहाटेचा हट्ट सोडून भरतीच्या वेळेलाच निघावं का? की पाणी थांबलेलं असताना खोल भागात गळ टाकून बघावा? आणि पाण्याची ओढ वाढली की माझं शिसं (गळ तळाशी ठेवणारं वजन) तळावरून सरकतं. जड लावलं तर माशाची टोच हाताला कळेल का?